बॉल पायथनसाठी पेटी: जुना फिशटँक वापरू की सुताराकडून करून घेऊ?

खानापूरचा_प्रश्न
बॉल पायथन (घरी पाळतात तो छोटा परदेशी अजगर) घेतोय, साधारण तीन फुटी. घरात दोन फुटी फिशटँक पडून आहे. सुतार म्हणतो, १८ मिमी प्लायला सनमायका मारून चार फुटी पेटी करून देतो. घर कौलारू, पावसाळ्यात चपलांनासुद्धा बुरा येतो, आणि लाईटचं तर विचारूच नका. खर्च एकदाच करायचाय. काय करू?

पेटीवाला
फिशटँक राहू दे. दोन फुटांत एका टोकाला ३२ आणि दुसऱ्याला २६ अंश राखताच येत नाही, सगळा टँक एकसारखाच तापतो. वर जाळी लावली की ओल उडून जाते. शिवाय वरून हात आत गेला की सापाला वाटतं घारच आली. पेटी समोरूनच उघडायला हवी.

माप ४×२×२ फूट. पूर्ण वाढलेली मादी चार-पाच फुटांची होते, त्यामुळे पुढं बदलायची वेळ येत नाही. लहान साप मोठ्या मोकळ्या पेटीत भेदरतो आणि खाणं सोडतो हे खरं, पण त्याचा इलाज पेटी लहान करणं नव्हे. आत दाटी करा. अंगाला घासेल अशी लपायची जागा गरम बाजूला एक, थंड बाजूला एक. मधे फांद्या, नारळाच्या करवंट्या, प्लास्टिकचा पाला.

प्लायचं दुखणं सनमायकाखाली नाही, कडांत आहे. कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं पाणी पितात, कोपरा फुगतो आणि काच ट्रॅकमधे अडकते. त्यापेक्षा १८ मिमी पीव्हीसी फोम बोर्ड घ्या. ८×४ ची एक शीट बरोबर पुरते बघा: तळ, छत आणि पाठ प्रत्येकी ४×२, बाजू २×२ च्या दोन. करवतीत दोन-तीन मिमी जातात तेवढं धरा. पुढच्या खालच्या चार इंची आणि वरच्या तीन इंची पट्टीसाठी तेवढा तुकडा वेगळा आणा. फोम बोर्डात स्क्रूची पकड कमी, म्हणून आतून अॅल्युमिनियमचे एल-अँगल लावा आणि सांध्यांना सिलिकॉन. त्याचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत साप सोडायचा नाही.

समोर ५ मिमीच्या दोन सरकत्या काचा, कडा घासून घेतलेल्या, मधे दीड इंच एकावर एक. वरचा ट्रॅक खालच्यापेक्षा खोल हवा, नाहीतर काच बसणारच नाही. शोकेसचं कुलूप लावा. साप नाकानं काच सरकवतो.

गरमी_आणि_ओल
वरच्यात भर घालतो. चार फुटी पेटीला वरून १०० वॅटचा सिरॅमिक हीटर (बल्बसारखा होल्डरात बसतो, पण उजेड देत नाही) चालतो. होल्डर चिनीमातीचाच घ्या, बेकेलाईटचा करपतो. पीव्हीसी उष्णतेनं मऊ पडतं, म्हणून हीटरच्या वर छताला अॅल्युमिनियमचा पत्रा. हीटरभोवती जाळीचा पिंजरा हवाच. साप गरम वस्तूला विळखा घालून बसतो आणि भाजलं तरी लवकर हलत नाही.

थर्मोस्टॅटशिवाय हीटर लावूच नका. अंडी उबवायच्या यंत्रात असतो तसला डिजिटल कंट्रोलर चालतो: ३२ वर सेट, फरक १ अंश, म्हणजे ३२ ला बंद आणि ३१ ला परत चालू. त्याची सेन्सरवायर हीटरखाली, सापाच्या पाठीच्या उंचीवर केबल-टायनं बांधा. चिकटपट्टी नको, खवल्यांना चिकटली की कातडी सोलते. वायर सरकून थंड बाजूला गेली तर हीटर बंदच होत नाही, म्हणून गरम बाजूला वेगळा थर्मामीटरही ठेवा.

हवेची भोकं: गरम बाजूला वर, थंड बाजूला खाली, दोन्हींना सरकती झाकणं. ओल ५५ ते ६५ टक्के. तुमच्याकडं जुलैत झाकणं सताड उघडी आणि तळाला वर्तमानपत्र. एप्रिलमधे अर्धी बंद आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). पावसाळ्यात कोकोपीट कायम ओलं राहिलं की पोटाचे खवले सडतात. तोंड उघडं, नाकात बुडबुडे दिसले तर थेट पशुवैद्य.

सीमेवरचा
कागदाचं बोला आधी. बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहे, केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. दुकानाची पावती म्हणजे नोंद नव्हे. आणि इथली धामण, दिवड, मांडूळ पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाच आहे.

खानापूरचा_प्रश्न
फोम बोर्डच करतो. डिसेंबरात रात्री लाईट गेली तर? आणि मुंग्यांचं काय?

गरमी_आणि_ओल
इन्व्हर्टर असेल तर १०० वॅट त्याला जड नाही. नसेल तर थर्माकोल बाहेरून तीन बाजूंना आणि गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत. बाटलीचं झाकण घट्ट आहे ना बघा की. मुंग्यांसाठी स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत. मुंग्यांचा खडू, डांबरगोळ्या, उदबत्ती त्या खोलीत नको.

साप यायच्या आधी पेटी चार दिवस रिकामी चालवा आणि पहाटे पाचला थंड बाजूचा आकडा लिहून ठेवा. २४ च्या खाली दिसला तर इथं टाका, मग हीटरचा वॅट बघू.