मदत हवी आहे : युजर रिसर्चरच्या मुलाखतीत केस स्टडी कशी मांडू?

शेवंती

नमस्कार मंडळी. बंगळुरूच्या एका पेमेंट अ‍ॅप कंपनीत युजर रिसर्चरच्या, म्हणजे लोक अ‍ॅप कसं वापरतात याचा अभ्यास करणाऱ्याच्या, जागेसाठी अर्ज केला होता. एचआरची फेरी झाली. पुढच्या आठवड्यात मुख्य फेरी आहे. पाऊण तास केस स्टडी सादर करायची, मग प्रॉडक्ट मॅनेजर, डिझायनर आणि तिथल्या सीनियर रिसर्चर प्रश्न विचारणार. त्यानंतर व्हाइटबोर्डची वेगळी फेरी.

मी मानववंशशास्त्रात एम.ए. केलंय आणि त्यानंतर एका संस्थेत फील्डवर्क करतेय. कंपनीतला अनुभव शून्य. केस स्टडीसाठी अंगणवाडी सेविकांच्या नोंदणी अ‍ॅपवरचं काम निवडलंय, कारण त्यात मी जीव ओतलाय.

केंद्रांवरून मातांच्या नोंदी उशिरा यायच्या. सेविकांना प्रशिक्षण कमी पडतंय, असं सगळे धरून चालले होते. मी शहादा तालुक्यातल्या काही केंद्रांवर जाऊन नुसती बसून राहिले. जन्मतारखेच्या रकान्यावर बोट ठेवलं की कॅलेंडर उघडायचं, तेही चालू महिन्यावर. तिथून १९९७ पर्यंत जायचं म्हणजे एकेक महिना मागे सरकवत बसायचं. वर लिहिलेल्या वर्षावर बोट ठेवलं की वर्षांची यादी उघडते, पण ते बटणासारखं दिसतच नव्हतं, त्यामुळे कुणी तिथे हातच लावला नव्हता. मांडीवर बाळ रडतंय, दारात बाकीच्या बायका खोळंबल्यात. मग ताई सरळ वहीत लिहून घ्यायच्या आणि रात्री घरी बसून फोनमध्ये भरायच्या. त्यात कित्येक मातांना नक्की तारीखच माहीत नसते. दाखल्यावर गुरुजींनी घातलेला १ जून, नाहीतर फक्त साल.

दिवस, महिना, साल असे तीन रकाने करा आणि नुसतं सालही चालू द्या, असं मी सुचवलं. टीमने तसं केलं. पुढच्या भेटीत ताई माझ्यासमोर, केंद्रावरच नोंद भरत होत्या. पण आधी किती आणि नंतर किती, हा आकडा कुणी काढलाच नाही, आणि नोकरीच्या जाहिरातीत तर 'बिझनेस इम्पॅक्ट' ठळक लिहिलंय. तिथे काय सांगू? 'मोजक्याच बायकांना बघून निष्कर्ष कसा काढला?' असं प्रॉडक्ट मॅनेजरने विचारलं तर? माझ्याकडे केंद्रांवरचे चांगले फोटो आहेत, ते दाखवू का? आणि व्हाइटबोर्डवर नेमकं काय करून घेतात?

नदीकाठ

अशा पॅनेलवर मी बसते, म्हणून लिहितेय. नसलेला आकडा तयार करू नका, दोन प्रश्नांत उघडा पडतो. तुमच्या कामामुळे कुठला निर्णय बदलला ते सांगा. प्रशिक्षणावर होऊ घातलेला खर्च एका स्क्रीनच्या दुरुस्तीकडे वळला, हाच तुमचा इम्पॅक्ट. आता मोजायचं झालं तर काय मोजाल तेही तयार ठेवा: त्याच दिवशी भरल्या गेलेल्या नोंदींचं प्रमाण, एका नोंदीला लागणारा वेळ.

सर्व्हे का केला नाही, हे न विचारता सांगा. प्रशिक्षण हवं का असं विचारलं असतं तर सगळ्या ताई हो म्हणाल्या असत्या! पॅनेलला हा विचार ऐकायचा असतो. रिसर्च पद्धतींच्या व्याख्या सांगण्यात वेळ घालवू नका, तो कॅलेंडरच्या प्रसंगाला द्या.

संख्येचा प्रश्न येणारच. वापरसुलभतेचे अभ्यासक निल्सन आणि लँडॉवर यांच्या १९९३च्या मांडणीत एका वापरकर्त्याला बघून स्क्रीनमधल्या सरासरी ३१ टक्के अडचणी कळतात, म्हणून पाच जणांत साधारण ८५ टक्के सापडतात. पण हा हिशोब अडचणी शोधण्यापुरता. किती टक्के लोकांना त्रास होतो, हे पाच जणांवरून सांगता येत नाही, आणि शहरी नि ग्रामीण असे वेगळे गट असतील तर प्रत्येक गटात वेगळी माणसं बघावी लागतात. ही मर्यादा तुम्हीच आधी सांगून टाका.

मानववंशशास्त्राचं दडपण नको. इंटेलने १९९८ मध्ये जेनेव्हिव्ह बेल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना घेतलं होतं. या कामाला ती वाट जुनीच आहे.

चाकोरी

फोटो अजिबात दाखवू नका. ताईंनी आणि त्या मातांनी परवानगी दिली ती संस्थेच्या कामासाठी, तुमच्या मुलाखतीसाठी नाही. शिवाय त्यात लहान मुलं आहेत. स्क्रीनचं साधं रेखाचित्र काढा, गावाचं नाव गाळा आणि असं का केलंत ते एका वाक्यात सांगा. लोकांच्या पैशांचे व्यवहार सांभाळणाऱ्या कंपनीला हे कळतं, आणि नाही कळलं तर तिथे जायचं की नाही याचा तुम्हीच विचार करा.

व्हाइटबोर्डवर मुद्दाम मोघम प्रश्न देतात. समजा, 'छोटे दुकानदार आमच्या अ‍ॅपमधून कर्ज का घेत नाहीत?' लगेच 'मी दहा मुलाखती घेईन' म्हणू नका, बरेच जण इथेच अडकतात. आधी उलट विचारा: या उत्तरावरून कोण काय ठरवणार आहे, कधीपर्यंत, आणि हाताशी कुठला डेटा आहे? मग दुकानदार वेगळे करा: ज्यांनी ती सोय पाहिलीच नाही, ज्यांनी अर्ज अर्धवट सोडला आणि ज्यांना माल देणारा व्यापारीच उधारी देतो. तिघांना एकच पद्धत लागू पडणार नाही. बोर्डवर लिहिताना तोंडाने बोलत राहा, गप्प बसून लिहिलं तर समोरच्यांना काहीच कळत नाही.

शेवंती

दोघांचेही खूप आभार. फोटो काढून टाकले, स्क्रीन हाताने काढतेय. खर्च वळल्याचा मुद्दा मी शेवटच्या स्लाइडवर ठेवला होता, तो पहिल्यावर आणते. शनिवारी तालीम करायची आहे. कुणी प्रॉडक्ट मॅनेजर होऊन मध्ये मध्ये अडवायला येईल का?

नदीकाठ

रात्री नऊनंतर मी आहे. व्यनि (खाजगी निरोप) करा. पाऊण तासाच्या जागी पस्तीस मिनिटांचंच सादरीकरण तयार ठेवा, प्रश्न मध्येच सुरू होतात.