१४ एकर ई-क्लास: गवत राखायचं आहे, पण शेळ्यांचं आणि रोह्यांचं (नीलगाईंचं) काय करू?

बरडावरची (दारव्हा तालुका, यवतमाळ)

नमस्कार. मी ग्रामपंचायत सदस्य, पहिलीच टर्म. गावाच्या उगवतीला आमची १४ एकर ई-क्लास, म्हणजे चराईची सरकारी जमीन आहे. जमीन बरड, मधून एक नाला, तो दिवाळीपर्यंत वाहतो. सासूबाई सांगतात, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा तिथल्या गवतात बसलेलं ढोर दिसायचं नाही, घंटी वाजली की कळायचं. आज तिथं कुसळ, रानतुळस आणि दारूच्या बाटल्या.

२०१९ च्या ३३ कोटी वृक्षलागवडीत तिथं सहाशे खड्डे झाले. मागच्या आठवड्यात बचत गटातल्या दोघींना घेऊन मोजायला गेले. ४१ झाडं जिवंत, त्यातली ३० गिरिपुष्पाची, ज्याला आमच्या शेळ्या तोंड लावत नाहीत. बुजत आलेल्या खड्ड्यांच्या काठाला मात्र गवत छान आलंय. एका कोरड्या खड्ड्यात गवताच्या बुडाशी तितराची अंडी होती. सात. (बरोबरची म्हणाली घरी नेऊ. मी नाही नेऊ दिली, अजून रुसलेली आहे.) तेव्हापासून डोक्यात बसलंय की ही जागा गवतासाठी राखायची.

ग्रामसभेत विषय काढला. पोलीस भरतीच्या पोरांना तिथं ४०० मीटरचा गोल हवा, चार फेऱ्या मारल्या की सोळाशे होतात. सध्या ती पोरं पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर पळतात, त्यात माझा पुतण्याही आहे, त्यामुळे त्यांना नाही म्हणवत नाही. गावची ढोरं चारणाऱ्या गायकीकाकांच्या ६८ शेळ्या आणि गावाची चाळीसेक जनावरं तिथंच चरतात. ते सभेत काही बोलले नाहीत, मागून उठून गेले. आणि धुऱ्याला (बांधाला) लागून ज्यांची वावरं आहेत ते म्हणाले, "कायले रोह्यायले आवतन देता, बाई? जागल करू करू कंबर गेली आमची." चूक नाही त्यांचं. मागच्या साली आमच्याच दोन एकर तुरीचे शेंडे गेले.

त्यात लिहिणाऱ्यानं 'रोही'चं 'रोहयो' (रोजगार हमी योजना) ऐकलं आणि इतिवृत्तात आलं, "रोहयोमुळे पिकांचे अतोनात नुकसान होत आहे." वाचून दाखवलं तेव्हा सभा पहिल्यांदा हसली.

तर विचारायचं हे की तारेचं कुंपण घालावं का? आणि गवत वाढलं तर रोही, डुकरं खरंच वाढतात का?

---

जुना पटवारी (वर्धा)

ताई, कुंपणाआधी मोजणी. ई-क्लास सरकारची, ग्रामपंचायत फक्त सांभाळणारी. गाव नमुना १-ई काढून अतिक्रमणाची नोंद पाहा. १४ एकर कागदावर असतात, धुरे दरवर्षी नांगराबरोबर एक एक तास (नांगराची ओळ) आत सरकतात. जे आज रोह्यांच्या नावानं ओरडतात त्यांतल्या एखाद्याचा धुराही सरकलेला निघेल. निघाला तर सभेत वाच्यता करू नका, घरी जाऊन चहा प्या आणि सांगा.

गावाच्या सामायिक जमिनी मोकळ्या करण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा निकाल आहे, राज्याचा १२ जुलै २०११ चा शासन निर्णय आहे, आणि जमीन महसूल संहितेत कलम २२-अ आहे. गायरान सहजासहजी दुसऱ्या कामाला देता येत नाही. म्हणून पोरांसाठी मातीची पायवाट आखा, सिमेंटचा ओटाही टाकू नका. आमच्या नागपूर विभागात तर अशा कितीतरी जमिनी कागदोपत्री 'झुडपी जंगल' आहेत, आणि २२ मे २०२५ च्या निकालानं त्या वनजमिनी ठरल्या. तुमच्याकडे तो प्रश्न बहुधा नसेल, तरी सातबारावर कोणता शब्द आहे तो आधी वाचा.

---

तणमोर (कारंजा लाड, वाशिम)

तार नको. तारेत हरणं अडकतात, आणि वर्षभरात निम्मी तार भंगारात जाते. आमच्या गावात तर खांबही गेले.

रोह्याचं खरं दुखणं गवत नाही, आडोसा आहे. दिवसा ते झुडपात बसतं, रात्री वावरात उतरतं. म्हणून दाट झुडूप राखायचं ते मधे, नाल्याच्या अंगाला. वावराला लागून वीस-पंचवीस पावलांची पट्टी कायम कापलेली ठेवा. तुमच्या पोरांचा गोल नेमका तिथून न्या! रोज पहाटे तिथं माणसांची वर्दळ असली की जनावर त्या बाजूनं कमी उतरतं. पूर्ण थांबत नाही, उगाच कबूल करून बसू नका. पाणवठाही धुऱ्याजवळ नको, डुकरं लोळायला येतात आणि मग शेजारचं वावर त्यांचंच.

रोही एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतं, तिथून बोरी, बाभळी आपोआप उगवतात. रोपं विकत आणायची गरजच नाही. रानतुळस फुलायच्या आत उपटा, एकदा बी पडलं की हरलात.

गवताचं म्हणाल तर तीन वाटे करा. दोन वाटे फुलोऱ्यात कापून न्या, चारा तेव्हा सकस असतो. तिसरा बी पडेपर्यंत राखा, पुढच्या साली वाटा बदला. पावसाळ्यात त्या तिसऱ्यात कोणी पाय टाकायचा नाही, तितर-लाव्यांची अंडी तेव्हाच जास्त असतात. उन्हाळ्याआधी जाळपट्टा (आग अडवायला गवत काढून मोकळी केलेली पट्टी) काढा, नाहीतर एका बिडीत सगळं जातं.

आणि जवळपास पारधी बेडा असेल तर तिथल्या म्हाताऱ्यांना घेऊन एकदा फिरा. अकोला-वाशिमकडे फासेपारध्यांनी स्वतः गवताळ माळ राखलेत. माझं हे नाव ज्या पक्ष्याचं आहे तो पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारतो. मला पहिल्यांदा दाखवला तो अशाच एका आजोबांनी, बोट न दाखवता, नुसती हनुवटी वर करून.

---

गायक्याचा पोरगा (दिग्रस)

सगळे शहाणे बोलले. माह्या बापानं तीस वर्ष गावची ढोरं चारली. एक दिवस बोर्ड लागला, 'चराईबंदी'. कोनं इचारलं नाई. बाप कुरणात जायचा तो रातीच. चोर कोनं केला त्याले? ताई, ते काका उठून गेले म्हन्ता, त्याईच्या घरी जाऊन आल्या का तुमी?

---

बरडावरची

नव्हते गेले. दादा, तुमचं वाचून रात्री झोप नाही आली, काल संध्याकाळी गेले.

काका आधी शेळ्यांचंच बोलत बसले. मग म्हणाले, कोणता कोपरा कधी बंद ठेवायचा ते मी सांगतो, मला गवत माहीत आहे, तुम्हाला कागद माहीत आहे. नाल्यापलीकडचे पाच एकर पोळ्यापासून दिवाळीपर्यंत ते स्वतः सोडायला तयार आहेत. अट एक: कापलेल्या गवताचा पहिला भारा त्यांचा, आणि राखणदारीचा मेहनताना ठरावात लिहून. तोंडी नको म्हणाले, तोंडी फार ऐकलं.

पोरांचा गोल धुऱ्याकडून न्यायचं सगळ्यांनाच पटलं. पुतण्या चुना घेऊन आखायलाही गेला होता. पटवारी काका, मोजणीचा अर्ज सोमवारी देते. चहा कोणाकडे प्यावा लागेल याचा अंदाज आलाय, आमचे चुलतसासरेच आहेत.

आता एकच सांगा. मारवेल गवताचे ठोंब यवतमाळ-कारंजा भागात कोणाच्या धुऱ्यावर आहेत का? बंडी आहे, बैल शेजाऱ्याचे मागावे लागतील, म्हणून जवळचंच सांगा.