कप, ग्लास आणि मध्येच कडमडलेली यंत्रं: तुमचे किस्से सांगा

उकळी
चहा-कॉफी-बिअरवर कौतुकाने पुष्कळ लिहून झालंय. मला हवेत ते किस्से, ज्यात पेय आणि पिणारा यांच्या मध्ये एखादं यंत्र कडमडलं. अटी दोनच: कुणाला भाजलेलं नसावं, आणि "आमच्या वेळची चूलच बरी" हे नको.

सुरुवात मी करते. घरात इलेक्ट्रिक केटल आली, पण पाणी उकळलंय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय सासऱ्यांचा विश्वास बसेना. झाकण उघडं टाकून ते शेजारी पेपर वाचत बसायचे. केटल काही बंद होईना. ओट्यावरच्या टाइल्सना घाम फुटला आणि "तुझं मशीन बिघडकं निघालं" असा निकालही लागला. आता, केटलमध्ये वाफ एका वाटेने स्विचपाशी जाते, तिथली दोन धातूंची चकती तापून टक्कन उलटते आणि वीज तुटते. झाकण उघडं असलं की वाफ जाते छताकडे, चकती आपली गारच. हे सगळं समजावल्यावर म्हणाले, "म्हणजे तिला उकळी कळतच नाही, वाफ कळते." हल्ली झाकण लावतात. टक् झाल्यावर उघडून बघतातच.

फुलपात्र
आमच्याकडे शिट्टीचा दुधाचा कुकर होता. दुहेरी भिंतीचा. तोटीतून भिंतींच्या पोकळीत पाणी भरायचं आणि दूध आत, भांड्यात. विस्तव थेट दुधाला लागतच नाही, म्हणून करपत नाही. पुण्यात कॉट बेसिसवर राहताना आईने तो बरोबर दिला. नव्या रूममेटने मोठ्या प्रेमाने सगळ्यांचा चहा करायला घेतला आणि पाणी ओतलं भांड्यात, दूध तोटीतून. शिट्टी झाली. पाणी उत्तम तापलं होतं.

आत हात जात नाही, घासणी जात नाही. कुकर उलटा धरून गदागदा हलवणं हाच उपाय. लिंबू झालं, सोडा झाला, गरम पाणी झालं. पुढे बरेच दिवस शिट्टी वाजली की खोलीभर नासक्या खव्याचा वास. तो रूममेट सध्या पाण्याच्या पाइपलाइनी डिझाइन करतो.

चखणा
बिअरकडे वळू. 2 ऑक्टोबरचा ड्राय डे, म्हणून 650 मिलीच्या बाटल्या आदल्या दिवशीच आणलेल्या. लवकर गार व्हाव्यात म्हणून एका मित्राने त्या फ्रीजरमध्ये सरकवल्या आणि टीव्हीवर मॅच लागली. काढल्या तेव्हा बिअर पातळच, आम्ही खूश. पहिलं बूच उडालं आणि डोळ्यांदेखत मानेपासून बुडापर्यंत बर्फाचा चिखल झाला!

साधी बिअर शून्याखाली दोन-तीन अंशांवर गोठते. पण बाटली बंद आणि स्थिर असेल तर त्याहून थंड होऊनही ती पातळ राहू शकते. बूच काढलं की दाब उतरतो, बुडबुडे सुटतात आणि गोठायला निमित्त मिळतं. आम्ही ती चमच्याने खाल्ली. वाईट नव्हती.

एक बाटली मात्र आतच राहिली होती. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं, हे शाळेत शिकलेलं वहिनींनी आम्हाला प्रात्यक्षिकासह दाखवलं. कोपऱ्याकोपऱ्यातल्या काचा आम्हीच वेचल्या. मटारची पिशवी गेली.

गाळणी
@चखणा, बादलीत बर्फ, पाणी आणि मूठ-दोन मुठी मीठ. फ्रीजरपेक्षा लवकर गार होते आणि डोळ्यांसमोर असल्यामुळे विसरतही नाही.

रिकामी बाटली
मुक्काम म्युनिक. जर्मनीत बाटलीवर डिपॉझिट असतं, त्याला फांड म्हणतात. बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीला 8 सेंट, कॅनला आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीला 25. सुपरमार्केटातल्या मशीनच्या भोकात टाकायच्या, चिठ्ठी घ्यायची, तेवढे बिलातून वजा.

बाबा सांगलीहून आले होते. मला मदत म्हणून त्यांनी सगळे कॅन आणि प्लास्टिकच्या बाटल्या पायाखाली चेपून, निगुतीने चपट्या करून पिशवीत भरल्या. आपल्याकडे पाण्याच्या बाटलीवरच लिहिलेलं असतं ना, वापरून झाल्यावर चुरगाळा म्हणून! मशीन एकेक नग आत घेई, गोल फिरवून बघे आणि परत बाहेर ढकले. त्याला आकार आणि बारकोड नीट दिसायला लागतो. मागे रांग वाढलेली. बाबा शांतपणे कॅन गुडघ्यावर दाबून गोल करायला लागले. मागच्या जर्मन आजोबांनी आपली पिशवी खाली ठेवली आणि आमच्या बाटल्या तोंडाने फुंकून फुगवायला घेतल्या. एकमेकांची भाषा शून्य, पण काम झकास चाललं. बहुतेक नग पास झाले.

चिठ्ठीवर नगांची संख्या छापलेली असते. ती बाबांनी वाचली. घरापर्यंत बोलले नाहीत.

बिनसाखर
बाबांनी आईला सांगितलं का, ते लिहा आधी.

दोन बिस्किटं
माझा छोटासाच. दादाचा फोन चहाच्या भरल्या कपात पडला. आईने तो तांदळाच्या डब्यात पुरला. (ॲपलने तर 2024 मध्ये सांगितलंय, तांदळात ठेवू नका, बारीक कण आत शिरतात. पण आईचा फोन ॲपलचा नाही, दादाचाही नाही.) फोन गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी जेवायला बसल्यावर दादा विचारतो, "भाताला वेलदोड्याचा वास कसा काय?"