सरकारी वधूवर मेळावा
'नवरा एक पदवी तरी जास्त शिकलेला हवा' हा हट्ट फक्त आपल्याकडच्या मुलींचा, असं लग्नं न जुळण्याबद्दलच्या या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय. मला नाही पटलं. सिंगापूरमध्ये या भानगडीत थेट पंतप्रधान पडले होते. १९८३ च्या राष्ट्रीय दिनाच्या भाषणात ली कुआन यू यांनी जाहीर तक्रार केली, की पदवीधर पुरुष कमी शिकलेल्या बायका करतात आणि पदवीधर मुली बिनलग्नाच्या राहतात. पुढच्याच वर्षी फक्त पदवीधरांच्या गाठीभेटी घडवायला सरकारी विभाग निघाला. सहली, बोटीची सफर, सगळं सरकारी छत्राखाली! कमी शिकलेल्यांसाठी वेगळा विभाग १९८५ मध्ये. दोन्ही एकत्र व्हायला २००९ उजाडलं.

त्याच सुमारास पदवीधर आयांच्या मुलांना शाळाप्रवेशात अग्रक्रम देणारी योजनाही आली होती. त्यावर लोक, खुद्द पदवीधर बायकासुद्धा, इतके भडकले की १९८५ मध्ये ती गुंडाळावी लागली. बरंच झालं. पण निदान ली यांच्या तक्रारीत पुरुषही होते. इथे सगळं खापर मुलींच्या अपेक्षांवर फुटतंय, आणि 'फार शिकलेली नको' असं सांगून स्थळं नाकारणाऱ्या मुलांबद्दल अजून एकाही प्रतिसादात अवाक्षर नाही.