ओटा किती इंचाचा? तुमच्या घरचे किस्से सांगा

कळंबा_रोड
स्वयंपाकघर फोडायला काढलंय. काल गवंड्यानं टेप सोडत विचारलं, "ओटा किती इंच ठेवायचा?" वय 51, आणि हे मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. उत्तरच येईना. "असतो तेवढाच ठेवा" म्हणून विषय मिटवला आणि रात्रभर आईची फळी डोळ्यासमोर.

आई 4 फूट 9 इंच. कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं घर 1983 साली बांधलं. तेव्हाच्या गवंड्यानं पंजा आडवा धरून दादांना, म्हणजे वडलांना, विचारलं होतं, "इथवर बास?" दादा 5 फूट 10. त्यांच्या कमरेला बास होता. त्या ओट्याशी ते जन्मात कधी उभारले नाहीत, ती गोष्ट वेगळी. ओटा 34 इंच, वर शेगडी, शेगडीवर कुकर. झाकण काढताना वाफ थेट आईच्या तोंडावर. मग दादांनी उद्यमनगरातनं मशिनच्या पेटीचं झाकण आणलं आणि खाली पट्ट्या मारून 4 इंच उंच केलं. त्यावर लाल रंगात वर दाखवणारा बाण आणि इंग्रजीत 'धिस साइड अप'. आईनं त्या बाणावर उभारून 22 वर्षं भाकऱ्या केल्या. शेगडीकडं आली की चढायचं, सिंककडं गेली की उतरायचं. खड्, खड्. आम्ही अंथरुणातनं आवाजावरनं ओळखायचो, आता चहा की अजून भांडीच. शेवटी बाणाचं टोक तेवढं राहिलं होतं, बाकीचा तिच्या टाचांनी खाल्ला.

मी तिच्यापेक्षा एक इंचानं उंच, म्हणजे फार काही नाही. अजून कुकर उतरताना चवड्यावर उभारतो. तुमच्याकडं काय? पटापट सांगा, गवंडी उद्या परत येतोय.

साडेनऊ_नंबरची_चप्पल
माझं उलटं. मी 5 फूट 9, सासूबाई पाच फुटाला कमी. त्यांचा ओटा 30 इंच. 30 मधनं सिंकची खोली वजा करा, भांड्याचा तळ माझ्या गुडघ्याच्या जरा वर येतो. पाय फाकवून उभारायचं, तेव्हा कुठं हात पोचतो. दीर म्हणतात वहिनींनी कुस्तीचा पवित्रा घेतला, आता खडाखडी. हसले सगळे. कंबर माझी गेली.
सध्या पोळपाटाखाली पालथी परात आणि तिच्याखाली तीन वर्षांची जुनी पंचांगं. जरा हललं की पोळी चतुर्थीकडनं अमावस्येकडं.

मिसळ_जास्त_कट
😂😂 चतुर्थी अमावस्या

पर्वती_दर्शन
धागाकर्ते दादा, तुम्ही रोज स्वयंपाक करता हे वाचून फार बरं वाटलं. पुरुषांनी असं पुढं यायला हवं.

कळंबा_रोड
ओ ताई, दादा कुठला? दोन लेकरांची आई आहे मी. आमच्यात बायकासुद्धा जातो, येतो, उभारतोच म्हणतात.

पर्वती_दर्शन
अरे देवा. सॉरी!! 🙏

मिसळ_जास्त_कट
पुणेकरांनी सॉरी म्हटलं, स्क्रीनशॉट काढून ठेवा कुणीतरी

लेव्हल_ओळंबा
या कामात 28 वर्षं आहे म्हणून लिहितो. कुणी विचारलं नाही तर आम्ही 32 ते 34 धरतो. खाली सिलेंडर त्याच्या रेग्युलेटरसकट मावला पाहिजे आणि तयार ट्रॉल्या बसल्या पाहिजेत, एवढंच बघतात. बाई कुणी बघत नाही, खरं आहे.
ताई, चप्पल काढून सरळ उभारा. खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा आणि कोपरापासून जमिनीपर्यंत मोजून घ्या. त्यातनं 4 ते 6 इंच वजा. चिरायला-निवडायला ती उंची बरोबर. कणीक मळायला, लाटायला त्याच्याही खाली लागतं कारण तिथं अंगाचा भार टाकावा लागतो. सिंकचं मात्र उलटं. हात तळाला जातो, त्यामुळं तेवढा भाग 2-3 इंच उचलून घ्या. आणि शेगडी ओट्यावर ठेवणार की ओट्यात बुडवणार ते आधी सांगा. ठेवली की भांडं आणखी 4-5 इंच वर जातं. तुमच्या आईंचा त्रास ओट्यापेक्षा शेगडीचा होता.
मेन म्हणजे फरशी. जुन्या फरशीवर नवी बसवली की सिमेंटच्या मसाल्यासकट दीड-दोन इंच जमीन वर येते. एका घरी ओटा आधी केला, फरशी मागनं. आठ दिवसांनी बाईंचा फोन, "ओटा खचलाय का हो?"

दुधाळीकर
बाकी सगळं ठीक पण ओट्याखाली पुढं पायाची बोटं आत जातील एवढी 3-4 इंच खाच सोडायला लावा. नसली की पोट ओट्याला लागतं आणि माणूस लांबनं वाकून काम करतो. स्वानुभव. (पोटाचा पण.)

आक्काची_नात
आमची आजी उभ्या ओट्याला शेवटपर्यंत शिव्या घालायची. उभारून थापलेली भाकरी भाकरी नव्हे म्हणायची. गॅस आला, ओटा आला, सगळ्यांनी चहा वर केला. भाकरीला ही परत खाली. काठवट मांडीजवळ ओढायची, उजवा पाय दुमडून डावा लांब सोडायचा, आणि जोर मनगटाचा नाही, खांद्याचा. 33 इंचाच्या ओट्यावर खांदा वरच राहतो आणि नुसतं मनगट राबतं. मला दोन वर्षांपूर्वी मनगटाला पट्टा लागला तेव्हा तिचं कळलं. पण आता माझे गुडघे खाली बसू देत नाहीत. झालं.

मिसळ_जास्त_कट
नाचणीची का ज्वारीची?

आक्काची_नात
ज्वारी. नाचणीची पावसाळ्यात, तिच्या माहेराकडनं यायची, राधानगरीकडनं.

गूळ_शेंगदाणे
इथं कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझी आई पोळ्या करायला पाच घरी जायची. पाच घरी पाच ओटे. घरी आली की कुठं दुखतंय त्यावरनं आम्हाला कळायचं आज कुठं जास्त काम पडलं. राजारामपुरीचं घर खांद्यात, ताराबाई पार्कातलं कमरेत. नागाळा पार्कातल्या एका काकूंकडं बसायला उंच स्टूल होतं, तिथं पगार शंभर रुपये कमी होता तरी आईनं ते घर शेवटपर्यंत सोडलं नाही.
आमच्या स्वतःच्या घरी ओटा नव्हताच. दोन खोल्या, एका कोपऱ्यात टेबल. दादाने टेबलाचे पाय करवतीनं कापून तिच्या मापाचं करून दिलं. एक पाय जास्त कापला गेला, त्याखाली पुठ्ठा. ती म्हणायची सगळ्या पेठेत मापाचं माझंच.

साडेनऊ_नंबरची_चप्पल
@गूळ_शेंगदाणे ❤️ आमच्या मावशींना उद्याच विचारते. इतकी वर्षं मी माझीच कंबर धरून बसलेय.

कळंबा_रोड
गूळ ताई, आईंना नमस्कार सांगा.

गूळ_शेंगदाणे
सांगते. आता नातवंडांच्यात रमलीय.

व्हीनस_कॉर्नर
उंचीचं म्हणाल तर आमच्या शाहूपुरीत 2019 ला पुराचं पाणी ओट्यावर चार बोटं होतं. तांदळाचा डबा, मिक्सर, कांदा-लसूण चटणीची बरणी ओट्यावर ठेवून निघालो, म्हटलं एवढं वर कुठं येतंय. परत आलो तेव्हा सगळा गाळ. कडाप्पा होता तो घासून धुतला, तसाच उभा आहे. प्लायच्या ट्रॉल्या मात्र चहात पाव बुडवल्यासारख्या फुगलेल्या. 2021 ला पुन्हा तेच. आता ओटा करताना माप बायकोचं घ्यायचं का पंचगंगेचं, सांगा.

दुधाळीकर
43 फुटाला धोका पातळी, वहिनींना विचारा चालतंय का 😄
आमच्याकडं पण तेच रे भावा. पावसाळा आला की सिलेंडर आधी वर.

मिसळ_जास्त_कट
चटणी गेली??? किती किलो

व्हीनस_कॉर्नर
पाच. मे महिन्यात मिरच्या वाळवून डंकावर स्वतः उभारून कुटून आणलेली. तांदळाचं काही वाटलं नाही.

मिसळ_जास्त_कट
दुःखात सहभागी आहे. खरंच.

जर्सीतली_जयसिंगपूरकर
इकडं अमेरिकेत सगळीकडं 36 इंच ठरलेलं, भाड्याचं घर, फोडता येत नाही. मी पाच फूट. मुलांचं दात घासायला चढायचं प्लॅस्टिकचं स्टूल आहे त्यावर उभारून कणीक मळते, लेक सारखी ओढून नेते. वॉशिंग्टनला स्मिथसोनियन म्युझियममध्ये ज्युलिया चाइल्डचं, म्हणजे इकडं टीव्हीवर स्वयंपाक शिकवणारी प्रसिद्ध बाई होती तिचं, स्वयंपाकघर जसंच्या तसं ठेवलंय, ते बघितलं. बाई 6 फूट 2, तिच्यासाठी ओटे 38 इंचाचे करून घेतलेले. सगळे भिंतीवरची टांगलेली भांडी बघत होते, मी ओट्याकडं बघत उभी. नवरा म्हणाला, एवढं काय बघतीस? म्हटलं, कुणीतरी हिला विचारलं होतं.

पर्वती_दर्शन
किती छान! आणि फोटो टाका ना.

आक्काची_नात
कळंबा ताई, शेवटी किती ठरलं? आणि जुना कडाप्पा टाकणार असाल तर मला हवाय, अंगणात धुण्याला.

कळंबा_रोड
ओळंबा दादांनी सांगितल्यासारखं मोजलं. कोपर 36 भरलं. म्हणजे 31, आणि खिडकीकडचा दोन हात तुकडा भाकरीला 28 चा वेगळा. सिंक 33. शेगडी बुडवायची. लेक 5 फूट 6 आहे, ती म्हणते माझं काय. तिला म्हटलं, लागली तर परात पालथी घाल.
कडाप्पा घेऊन जा, रिक्षा तुमची. फक्त गवंडी अजून आलेला नाही, सकाळपासनं फोन उचलत नाही.

लेव्हल_ओळंबा
आज अमावस्या आहे ताई. येत नाही तो.

मिसळ_जास्त_कट
पोळपाटाखाली बघा, पंचांग आहे 😂