मदत हवी आहे : स्टेज-२ मॅपिंगचा कोड एकाच वॉकरवर आणताना ब्लॉक कुठे फोडावा?

मंडळी, ६४-बिट आर्मवरचा हायपरवायझर (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे गेस्ट, चालवणारा प्रोग्राम), पेज ४ केबीचं. स्टेज-२ म्हणजे गेस्टचा पत्ता खऱ्या मेमरीच्या पत्त्यावर नेणारं मॅपिंग. मॅप, अनमॅप आणि राइट-प्रोटेक्ट या तिघांचे पेज टेबलातून फिरणारे लूप वेगळे आहेत. त्याऐवजी टेबलातून फिरणारा एकच वॉकर आणि प्रत्येक एन्ट्रीवर त्याने बोलवायचं फंक्शन, म्हणजे कॉलबॅक, असं करायचंय.

गाडी अडते अनमॅपपाशी. २ एमबीच्या ब्लॉकमधलं (एकाच एन्ट्रीने मॅप केलेल्या सलग मेमरीतलं) एकच पेज काढायचं तरी ५१२ एन्ट्रींचं नवं टेबल लागतं. आधी जुनी एन्ट्री अवैध, मग टीएलबी (पत्त्यांच्या भाषांतराचा कॅश) साफ, डीएसबी (ते पूर्ण होईपर्यंत थांबवणारी सूचना), आणि नंतरच टेबल जोडायचं. क्रम चुकला की टीएलबीत एकाच पत्त्याच्या दोन नोंदी राहू शकतात. मधल्या वेळात दुसऱ्या व्हीसीपीयूला (गेस्टच्या आभासी प्रोसेसरला) फॉल्ट येतो, कारण एन्ट्री अवैध असते. तो लॉकवर थांबतो, त्याचं काही नाही. पण त्याच स्पिनलॉकखाली (न झोपता फिरत वाट पाहायला लावणाऱ्या लॉकखाली) झोपू शकणारं अ‍ॅलोकेशन करता येत नाही.

१ जीबीचे ब्लॉक धरले तर रेंजच्या दोन टोकांना मिळून जास्तीत जास्त ४ टेबलं लागतात. ती लॉकआधीच राखून ठेवावीत, की फोडण्याची फेरी वेगळी करावी? वेगळी फेरी वाचायला सोपी, पण मध्ये लॉक सुटला तर फॉल्ट हँडलर पुन्हा ब्लॉक बसवू शकतो.

मुंबईत कोणी यावर काम करत असेल तर शनिवारी दादरला भेटून पॅच दाखवतो.