जिल्हा परिषद अध्यक्षांचे रोजचे काम नेमके काय असते?

प्रश्न : आमच्या गावातील शाळेच्या गळक्या छपराचे निवेदन घेऊन मी अध्यक्षांच्या दालनात गेलो, तेव्हा त्यांनी ते वाचून त्यावर शेरा मारला आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे पाठवले. मग अध्यक्षांच्या हातात प्रत्यक्ष काय असते?

प्रतिसाद १ : महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ या कायद्याने धोरण आणि अंमलबजावणी वेगळी ठेवली आहे. अध्यक्ष सर्वसाधारण सभा व स्थायी समिती चालवतात, कागदपत्रे मागवू शकतात; प्रशासन मात्र मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे असते. त्यामुळे तो शेरा म्हणजे टाळाटाळ नव्हे.

प्रतिसाद २ : मी एका अध्यक्षांची अडीच वर्षांची मुदत जवळून पाहिली आहे. सकाळी दालनाबाहेर बाकावर माणसे बसलेली असत. कुणाची विहिरीची बिले अडकलेली, कुणाला शिक्षिकेची बदली नको, तर कुणाच्या आरोग्य उपकेंद्रात परिचारिकाच नाही. दुपारी सभेची विषयपत्रिका, मागील इतिवृत्त आणि अनुपालन अहवाल (मागील ठरावांवर काय कार्यवाही झाली याचा अहवाल) तपासणे चाले. माझ्या मते खरी कसोटी या अहवालाचीच, कारण ‘कार्यवाही सुरू आहे’ हे वाक्य सलग तीन सभांत आले, तर अध्यक्षांनी संबंधित खातेप्रमुखाला उभे करून तारीख मागितलीच पाहिजे.

प्रश्नकर्ता : म्हणजे निवेदनाचा आवक क्रमांक घेऊन आमच्या गटाच्या (जिल्हा परिषद मतदारसंघाच्या) सदस्यांकरवी तो विषय सभेत मांडावा, असेच ना?

प्रतिसाद २ : होय, आणि शिक्षण समितीच्या सभापतींनाही त्याची एक प्रत द्या.